रक्तक्षय, जस्त आणि रेशनचे ताट

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे जानेवारी २०२५ मध्ये एकाएकी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. केस मुठीमुठीने हातात यावेत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा विलक्षण प्रकार पूर्णाकाठच्या या खेड्यांत सुरू झाला होता. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या अवधीत अठरा गावांतील २७९ माणसांची नोंद झाली आणि त्यांत तरुण मुलींचा व स्त्रियांचा भरणा मोठा होता. आरोग्यखात्याने आधी बुरशीचा संशय घेतला, मग खारपाण पट्ट्यातील पाण्यावर ठपका ठेवला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गोळा झाले, छायाचित्रे निघाली. शहरातील वाचकांची घटकाभर करमणूक झाली. गावात मात्र मुलींचे कॉलेजात जाणे थांबले आणि ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

विंचूदंशावरील संशोधनाने जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे जन्माने शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी या रुग्णांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले आणि गावातील रेशन दुकानाचा गहूही ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठविला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण अपेक्षेच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघाले. गव्हात ते दर किलोस १४.५२ मिलिग्रॅम एवढे आढळले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असल्याचे त्यांनी सांगितले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर व नवांशहर भागातील जमिनीत सेलेनियम फार आहे, ही गोष्ट तेथील कृषिशास्त्रज्ञांना कित्येक दशके ठाऊक आहे. ठाऊक नव्हती ती फक्त धान्य वाटणाऱ्या यंत्रणेला.

परंतु डॉ. बावस्करांच्या निष्कर्षांत आणखी एक वाक्य होते आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. या रुग्णांच्या शरीरात जस्ताचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. जस्त म्हणजे शेतकरी ज्याला झिंक म्हणतो ते. सेलेनियमचा वाद शासनदरबारी मिटायचा तेव्हा मिटो. ते पोत्यातून आले असेल, तर पोते बदलले की जाईल. जस्ताची उणीव मात्र कोणत्याही मालगाडीने आलेली नव्हती. केस गळण्याच्या कितीतरी आधीपासून अशी उणीव या भागातल्या घराघरांत मुक्कामाला असते. केस गळाले म्हणून ती दिसली, एवढेच. जी दिसत नाही तिच्या जोडीला आणखी एक उणीव नांदत असते, आणि तिचे नाव रक्तक्षय.

रक्तक्षयाचे आकडे आता इतके सवयीचे झाले आहेत की ते वाचून कोणाची झोप उडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० बालकांपैकी सुमारे ५४ बालके रक्तक्षयी होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ६९ झाली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते २२ टक्क्यांच्या आसपास आहे. एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या नवरा-बायकोच्या रक्तात इतके अंतर का असावे, याचे उत्तर केवळ शरीरशास्त्रात सापडणार नाही. मासिक पाळी आणि बाळंतपण यांनी रक्त जाते हे खरे. पण गेलेले रक्त भरून यायला जे अन्न लागते ते ताटात कोणाच्या पडते, हा प्रश्न समाजरचनेचा आहे.

केंद्र शासनाने यावर काय केले? आकडे पुढच्या पाहणीतून वगळले. सहाव्या कुटुंब आरोग्य पाहणीत रक्तक्षयाची तपासणी घेण्यात आली नाही. बोटाला टोचून काढलेल्या थेंबाच्या मोजणीत चूक होते, शिरेतील रक्त तपासले पाहिजे, हा तज्ज्ञांचा आक्षेप रास्तच होता, आणि त्यासाठी स्वतंत्र आहार-पाहणी योजण्यात आली. तथापि जुनी मोजपट्टी टाकून दिली की ६९ चे पुढे काय झाले हे कळण्याची वाट बंद होते. राज्यकर्त्यांना हे गैरसोयीचे वाटले असेल असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

रक्तक्षयाविरुद्धची सरकारी मोहीम मात्र जुनी आहे. १९७० साली राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून नावे बदलत गेली, गोळ्यांचे रंग बदलत गेले आणि २०१८ मध्ये ‘रक्तक्षयमुक्त भारत’ अशी घोषणा झाली. आशयाने कार्यक्रम तोच राहिला. गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. लहान मुलांना गुलाबी गोळी किंवा औषधाचे थेंब. या गोळीने लाभ होत नाही असे कोणी म्हणू नये. बाळंतपणात वाहून जाणाऱ्या कितीतरी माता तिने वाचविल्या आहेत, आणि आशाताई ती घेऊन पावसापाण्यात दारोदार हिंडतात त्या श्रमांचे मोल त्यांच्या मानधनाने कधीच फिटलेले नाही. तरीही प्रश्न उरतोच. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोह वाटूनही निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी का?

यातील एक उत्तर २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीने दिले. या पाहणीत शिरेतील रक्त तपासले गेले होते. एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के निघाले. परंतु केवळ लोहाच्या अभावाने झालेला रक्तक्षय त्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक मुलांत होता. उरलेल्यांत बी-१२ व फॉलेट या जीवनसत्त्वांचा तुटवडा, जंतुसंसर्ग आणि ज्यांचे कारण नीट उलगडले नाही अशी बरीच प्रकरणे होती. त्याच पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १७ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी तब्बल ३२ टक्के जस्ताच्या उणिवेने ग्रस्त असल्याचे आढळले. वयात येणाऱ्या दर तिघांतला एक. हीच मुलगी दोन-चार वर्षांत नांदायला जाते आणि आई होते. तिच्या अंगात जे नाही ते तिच्या बाळाला कोठून मिळणार?

जस्त आणि रक्तक्षय यांची गाठ प्रथम बांधली गेली ती एका भारतीय डॉक्टराच्या हातून, आणि तीही रुग्णाच्या ताटाकडे पाहून. बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझ येथे गेले. तेथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक शेतकरी तरुण आणण्यात आला. दिसायला तो दहा वर्षांच्या पोराएवढा. मिसरूड फुटलेले नाही, यकृत व प्लीहा सुजलेली, रक्त अतिशय कमी. त्याचा आहार म्हणजे जवळजवळ नुसती गव्हाची रोटी, आणि जोडीला माती खाण्याची सवय. लोहाच्या अभावाने रक्तक्षयाचा उलगडा होत होता. पण खुंटलेल्या वाढीचा होत नव्हता. १९६१ साली प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रकरणे प्रसिद्ध केली आणि वाढ खुंटण्यामागे जस्ताची उणीव असावी असा तर्क मांडला. पुढे इजिप्तमधील खेड्यांत तो सिद्ध झाला. जस्त देताच तेथील खुरटलेली मुले भराभर वाढू लागली. माणसाला जस्त लागते आणि गरिबाला ते पुरेसे मिळत नाही, हे पाश्चात्त्य विद्वानांच्या गळी उतरायला मात्र १९७४ साल उजाडावे लागले. तोवर शरीरात जस्त कमी पडणे शक्यच नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत असत. भरल्या ताटावर बसून लिहिलेली पाठ्यपुस्तके ती.

शिराझच्या त्या तरुणाचे वर्णन वाचताना विदर्भातील कोणाही कार्यकर्त्याला परके वाटणार नाही. डोहाळ्यांच्या नावाखाली भिंतीची पांढरी माती, चुलीची खरपुडी, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या बाया येथे घरोघर आहेत. सासू हसते, नवरा रागावतो. मातीची ही ओढ बहुधा रक्तक्षयाचीच खूण असते, आणि खाल्लेली माती अन्नातले उरलेसुरले लोह व जस्तही शोषू देत नाही. उणिवेतून सवय लागते आणि सवयीने उणीव वाढते.

शरीराच्या आत ही दोन द्रव्ये कशी गुंतलेली आहेत हेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते घडविण्याच्या कामी लोह लागते हे सर्वांना माहीत आहे. त्या घडणीच्या आरंभीची एक पायरी जे विकर पार पाडते ते जस्तावाचून चालत नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होण्यासाठीही जस्तधारी प्रथिने लागतात. जस्त कमी असले की अंगाची प्रतिकारशक्ती ढासळते, मुलाला हगवण लागते. हगवणीतून जस्त आणखी वाहून जाते, आतड्याचे अस्तर झिजते आणि लोहही अंगी लागत नाही. लोहाचा थोडाफार साठा यकृतात राहतो. जस्ताची अशी कोठी शरीरात नाही. ते रोजच्या रोज मिळावे लागते, रोजंदारीवरच्या माणसाच्या मजुरीसारखे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जस्ताची गोळी दिली की रक्तक्षय बरा होतो, असे विज्ञान म्हणत नाही. नुसते जस्त देऊन केलेल्या चाचण्यांतून हिमोग्लोबिन ठळकपणे वाढल्याचे दिसलेले नाही. उलट जस्ताची मात्रा फार झाली तर शरीरातील तांबे घटते आणि तांब्याच्या अभावीही रक्तक्षय होतो. रिकाम्या पोटी लोहाची मोठी मात्रा घेतली तर ती जस्ताच्या शोषणाच्या आड येते. म्हणजे गोळीच्या रूपात आलेली ही द्रव्ये एकमेकींच्या वाटेत उभी राहतात. डाळ-भाकरीच्या, अंड्याच्या, मांसाच्या रूपात आली तर असा तंटा फारसा होत नाही. जस्त आणि रक्तक्षय यांचे खरे नाते येथे आहे. ज्या ताटात लोह नाही त्याच ताटात जस्तही नाही, कारण ते ताट दुसऱ्याच कशाने तरी भरलेले आहे. उद्या एखाद्या औषध कंपनीने जस्ताची चौथ्या रंगाची गोळी पुढे केली आणि शासनाने तिचे कंत्राट काढले, तर बुलढाण्याच्या बाईच्या अंगी फारसे काही लागणार नाही. जेथे जस्ताची गोळी निश्चित गुणकारी आहे, म्हणजे मुलांच्या हगवणीत, तेथे मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर १४ दिवस ती द्यायची असे शासनाचेच धोरण आहे. ती गोळी उपकेंद्रात खरोखर असते का आणि चौदाही दिवस दिली जाते का, हे कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे.

आता ताटाकडे वळावे. गहू, ज्वारी, बाजरी, डाळी या सर्वांत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोहाला आणि जस्ताला धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. धान्य आंबवले किंवा त्याला मोड आणले म्हणजे फायटेट घटते. वऱ्हाडातील आयाबायांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण ज्वारीची आंबील, मोड आलेली मटकी, अंबाडीच्या आंबट भाजीत शिजवलेल्या कण्या या त्यांच्या स्वयंपाकात मुळातच होत्या. ते अन्न श्रीमंतांचे नव्हते, गरिबाचेच होते. त्याची महती गाऊन जुन्या दारिद्र्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. दुष्काळात तेही मिळत नसे. १९७२ साली रेशनवर आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली, ती पिढी अजून आहे. परंतु पावसापाण्याच्या बऱ्या वर्षी शेतमजुराच्या घरात ज्वारी, तूर, मूग, उडीद, जवस आणि तीळ ही सगळी शेतातूनच येत होती. मजुरीचा काही भागही धान्यात मिळत असे.

ते शेत आता नाही. चिखली, मेहकर, लोणारपासून खामगावपर्यंत खरिपात नजर जाईल तेथे सोयाबीन दिसते, नाहीतर कपाशी. कपाशीच्या ओळींत मुगा-उडदाचे तास टाकण्याची रीत मोडली आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारी पेरावी तर पाखरे आणि रानडुकरे सोडत नाहीत, सोंगायला मजूर मिळत नाही आणि बाजारात भाव नाही. सोयाबीन तीन-सव्वातीन महिन्यांत निघते आणि नगद पैसा देते, भाव पडलेला असला तरी देते. यातील विपर्यास मात्र डोळ्यांआड करता येत नाही. सोयाबीन प्रथिनांचे भांडार आहे. ते तेल गिरणीत जाते, त्याचे तेल निघते आणि उरलेली ढेप कोंबड्यांच्या खुराड्यांत जाते. त्या कोंबड्यांची अंडी शहरात विकली जातात. ज्या बाईने कंबर मोडून ते सोयाबीन सोंगले तिच्या मुलाच्या अंगणवाडीत अंडे यावे की नाही, यावर मंत्रालयात खल चालतो.

जमिनीची कहाणीही याच्याशी जोडलेली आहे. या जिल्ह्याची काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पट्टा तर खारपाणाचा. अशा जमिनीत जस्त असले तरी पिकाच्या मुळांना ते मिळत नाही, आणि पिकाला न मिळालेले जस्त दाण्यात उतरत नाही. देशभरातील मातीच्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांत जस्त अपुरे आढळते. पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भातावरील खैरा रोग जस्ताच्या उणिवेने होतो हे १९६६ सालीच दाखवून दिले. तेव्हापासून पिकाचे पान पिवळे पडले की कृषिसेवक झिंक सल्फेट टाकायला सांगतो. २०१५ पासून शेतकऱ्याला जमिनीची आरोग्यपत्रिका मिळते. तीत बारा गोष्टी नोंदवितात आणि त्यांत जस्त आहे. हेक्टरी किती जस्त कमी आहे हे या देशातील शासन सांगू शकते. त्याच शेतात निंदण करणाऱ्या बाईच्या रक्तात ते किती आहे हे सांगू शकत नाही, कारण तिची अशी पत्रिका कोणी काढलेलीच नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनचा एक आकडा असतो. तेवढ्यावर तिची परीक्षा संपते.

शेतात अन्न पिकत नाही म्हटल्यावर भिस्त राहते रेशनवर. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यान्वये प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठी सोय आहे. ती हिरावून घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाविरुद्ध लढलेच पाहिजे. तरी तिचा हिशेब मांडून पाहावा. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यात तीन किलो तांदूळ आणि दोन किलो गहू धरला, तर दिवसाला जेमतेम ३ मिलिग्रॅम जस्त पोटात जाते. बाईची गरज, परिषदेच्याच २०२० च्या शिफारशीनुसार, १३.२ मिलिग्रॅम. म्हणजे चौथा हिस्सासुद्धा पुरता नाही, आणि त्यातलेही फायटेट किती शोषू देते ते वेगळेच. उरलेली भर तिने विकत घेतलेल्या डाळीने, तेलाने, भाजीने, दुधाने घालायची. मजुरी किती आणि तुरीची डाळ किती, हे वाचकांस निराळे सांगायला नको.

शासनाने या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून दिले. जस्त त्यात ऐच्छिक होते, घातलेच पाहिजे असे नव्हते. पण ते घाला एवढीच मागणी करून थांबणे म्हणजे गोळीचेच दुसरे रूप मागणे होय. तांदळाला बाहेरून लोह चिकटविण्यासाठी जो खर्च झाला, त्याच्या जोडीने डाळ देता येणार नाही असे कोणत्या अर्थशास्त्रात लिहिले आहे? अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे. त्याचा दर किलोला एक रुपया ठरला होता. २०२३ हे साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. दिल्लीत पाहुण्यांना ज्वारी-बाजरीची पक्वान्ने वाढली गेली आणि ‘श्रीअन्न’ असे भारदस्त नामकरणही झाले. बुलढाण्याच्या रेशनकार्डावर मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच राहिला. काही जिल्ह्यांत काही महिने ज्वारी दिली गेली आणि मग ती योजना कोठे विरली ते कळले नाही. केशरी कार्डावरील शेतकऱ्यांची गोष्ट तर याहून कठीण. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. दीडशे रुपयांत किती ज्वारी आणि किती डाळ येते, हा हिशेब निर्णय घेणाऱ्यांनी घरच्या वाण्याकडून करून घ्यायला हरकत नव्हती.

धान्याखेरीज जस्त आणि लोह सहज अंगी लागेल असे स्वस्त अन्न म्हणजे अंडे आणि मांस. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी देण्याचे थांबविले; अंडी हवी असतील तर शाळांनी लोकवर्गणी काढावी असे सुचविण्यात आले. हा तोच महिना, ज्या महिन्यात शेगावच्या मुलींचे केस गळत होते. २०१५ च्या गोवंशहत्याबंदीने बैल-रेड्याच्या फरकाच्या कायदेशीर चर्चा पुष्कळ झाल्या. पण दलित, मुसलमान आणि काही आदिवासी घरांतले सर्वांत स्वस्त मांस त्याने हिरावले, आणि त्याबरोबर लोह-जस्ताचा एक सोपा मार्गही बंद झाला, हे बोलण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. कोणी काय खावे हे ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी ठरवावे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे.

आणि शेवटी घरातले ताट. सकाळी चारला उठून पाणी, सरपण, स्वयंपाक. नंतर दिवसभर वेचणी, निंदण किंवा सोंगणी. संध्याकाळी पुन्हा चूल. सर्वांचे झाल्यावर बाई जेवायला बसते तेव्हा भाकर उरलेली असते, कालवण संपलेले असते. वरणाचा खालचा दाट भाग कर्त्या पुरुषाला आणि मुलाला, वरचे पाणी तिला आणि मुलीला. पुरोगामी चळवळीतल्या घरांतही ही रीत पुरती मोडलेली नाही. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला दर १२ जानेवारीस जिजाऊंच्या नावाने लाखोंचा जनसमुदाय जमतो आणि व्यासपीठावर सर्व पक्षांचे पुढारी मातृशक्तीला वंदन करतात, त्या जिल्ह्यात गरोदर बाईने आधी जेवावे एवढी साधी गोष्ट घरोघर रुजविण्याचे काम पुढाऱ्यांनी हाती घेतलेले नाही.

मग करावे काय? विज्ञानाने वाट बंद केलेली नाही, उलट महाराष्ट्रातच ती उघडून दिली आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मिळून ‘धनशक्ती’ ही लोह अधिक असलेली बाजरी २०१२ मध्ये शेतकऱ्यांना दिली. नगर जिल्ह्यातील निवासी शाळांतील मुलांना अशा बाजरीची भाकर देऊन पाहिली, तेव्हा काही महिन्यांतच त्यांच्या शरीरातील लोहाची स्थिती सुधारल्याचे आढळले. परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्यात किलोमागे लोह ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम भरते. साधारण ज्वारीत ते ३० आणि २० एवढे असते. हे वाण सार्वजनिक पैशातून निर्माण झाले, ते कोणा कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्यांचे बियाणे शेजारच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठामार्फत तालुक्यातालुक्यांत पोचावे, पिकलेली ज्वारी हमीभावाने जिल्ह्यातच खरेदी व्हावी आणि जिल्ह्यातल्याच रेशन दुकानांतून, अंगणवाड्यांतून, आश्रमशाळांतून वाटली जावी, यात अशक्य असे काय आहे? २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. भाव जाहीर करणे आणि काटा लावणे यांतील अंतर वऱ्हाडातील शेतकरी ओळखून आहे. पंजाबातून हजार मैलांवरून गहू आणायला गाड्या मिळतात. तर लोणारची ज्वारी जळगाव जामोदला न्यायला एक ट्रक मिळेलच.

याच्या जोडीने महिन्याला माणशी एक किलो डाळ आणि खाद्यतेल रेशनवर मिळाले पाहिजे. ही मागणी नवी नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही प्रश्न धान्य, तेल आणि साखर रास्त दराने मिळण्याचाच होता. त्या मोर्चांची छायाचित्रे आता स्मरणिकांत छापली जातात. त्यातली मागणी मात्र रस्त्यावरच राहिली आहे.

जिल्ह्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेगावच्या गव्हाचा नमुना ठाण्याला पाठवावा लागला, यात त्या संस्थेला करण्याजोगे पहिले काम दडलेले आहे. रक्तातील आणि धान्यातील जस्त, सेलेनियम, लोह मोजणारी प्रयोगशाळा तेथे उभी राहावी. दरवर्षी तेराही तालुक्यांतील काही गरोदर स्त्रियांचे व मुलांचे नमुने तपासले जावेत. आणि रेशनच्या गोदामात येणारे प्रत्येक खेपेचे धान्य वाटण्यापूर्वी पारखले जावे. निष्कर्ष मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. जमिनीच्या पत्रिकेइतकाच त्यांवर गावाचा हक्क आहे.

कार्यकर्त्यांपुढचे काम याहून लहान आणि याहून चिकाटीचे आहे. येत्या ग्रामसभेत तीन नोंदी मागाव्यात. उपकेंद्रातील लोहाच्या गोळ्यांचा साठा किती महिने संपलेला होता. हगवणीच्या किती मुलांना चौदा दिवस जस्त मिळाले. अंगणवाडीच्या आहारात गेल्या महिन्यात डाळ किती दिवस आणि अंडे किती दिवस होते. संग्रामपूर व जळगाव जामोदच्या सातपुड्यातील पाड्यांवर या नोंदी बहुधा कोऱ्या सापडतील. तेथून सुरुवात केलेली बरी. ग्रामसभेला बाया आल्या नाहीत तर सभा त्यांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे शेतातून परतल्यावर आणि चूल पेटण्याआधी, पुन्हा बोलवावी. ज्या अठरा गावांतून केस गळाल्याची नोंद झाली, तेथील मुलींचे केस पुढे पुन्हा उगवू लागल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्यांच्या रक्तातील जस्त आणि हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्यावे, अशी लेखी मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्या गावांच्या ग्रामसभांनी या महिन्यातच नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी.